तिकिटाच्या तळाशी एक नाव

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय दिला ‘हात’. पैठणी विणणारे, तांबट आळीत ठोके घालणारे, वारली चितारणारे हात इतर लेखक घेणार हे उघड होतं. मला कोथरूडमधल्या एका सद्गृहस्थांची आठवण झाली. त्यांच्या कपाटात एकाच माणसाच्या हातची शेकडो चित्रं आहेत आणि त्यातलं कुठलंही माझ्या अंगठ्याच्या नखाहून फारसं मोठं नाही. ती सगळी टपाल तिकिटं आहेत. कोरणारा पोलंडचा, नोकरी स्वीडनमध्ये, आणि गिऱ्हाइकं म्हणजे तीसच्या आसपास टपालखाती. नाव चेस्वाव स्वानिया. तिकिटावर ते ‘स्लानिया’ असं छापलेलं दिसतं, जगभरचे संग्राहक तसंच म्हणतात, म्हणून मीही इथे स्लानियाच म्हणेन.

ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ, आपण त्यांना काका म्हणू, आयुष्यभर टूलरूममध्ये होते. पुणे-पिंपरी पट्ट्यात अल्फा लावल, सँडविक, एसकेएफ अशा स्वीडिश कंपन्या कित्येक वर्षं आहेत; काकांची कंपनीही स्वीडनशी व्यवहार करणारी. तिकडून येणाऱ्या लिफाफ्यांची तिकिटं त्यांच्या टेबलापर्यंत यायची. बाकीचे लोक तिकीट फाडून मुलांना द्यायचे. काकांनी एकदा ते भिंगाखाली धरलं आणि त्यांना दिसलं की हे छापलेलं चित्र नाही, हे पोलादावर केलेलं काम आहे. पोलाद हा त्यांचा विषय. त्या दिवसापासून ‘देश’ हा मुद्दा त्यांच्या संग्रहातून गेला.

आपल्याकडे तिकिटं जमवणारा साधारणपणे देशावर जमवतो, नाहीतर विषयावर: पक्षी, रेल्वे, गांधीजी. माणसावर, म्हणजे तिकिटावरच्या नव्हे तर तिकिटामागच्या माणसावर, जमवणारे थोडे. काकांच्या वह्यांमध्ये ग्रीनलंडशेजारी मोनॅको आहे आणि व्हॅटिकनच्या पुढच्या पानावर अमेरिका.

भिंग, आणि स्वयंपाकघरातलं फॉइल

काकांनी आधी मला कथा सांगितली नाही, परीक्षा घेतली. दोन तिकिटं समोर ठेवली आणि दहापटीचं भिंग दिलं. पहिल्यात चेहरा ठिपक्यांचा बनलेला, वेगवेगळ्या रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळून गालाचा रंग झालेला. ती ऑफसेट छपाई. आपल्या वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली असाच दिसतो. दुसऱ्यात ठिपक्यांची जाळी नव्हतीच. होत्या फक्त रेषा. गालाच्या उंचवट्यावरून त्या वळत गेल्या होत्या, उतारावरच्या शेतात नांगराची तासं वळतात तशा. सावली जिथे गडद हवी तिथे रेष जाड होते, मग तिला छेदणारी दुसरी रेष येते, आणि उजेडाकडे जाताना ती बारीक होत होत सुट्या टिंबांमध्ये विरून जाते. रंग एकच, गर्द निळा. तरी त्वचा वेगळी, केस वेगळे, कोटाचं कापड वेगळं. हा फरक फक्त रेषेच्या चालीतून येतो.

मग काकूंच्या स्वयंपाकघरातून अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा आला. तिकिटावर फॉइल ठेवायचं आणि बोटाच्या पेरानं हलकं चोळायचं. कोरीव छपाई असेल तर कागदावर शाईचे बारीक कंगोरे उभे असतात, ते फॉइलवर उठतात. ऑफसेटच्या तिकिटावर काहीही उठत नाही. ही युक्ती संग्राहकांत जुनी आहे.

हे कंगोरे का येतात, ते काकांनी कारखान्याच्या भाषेत समजावलं. मऊ केलेल्या पोलादाच्या तुकड्यावर बुरीन नावाच्या हत्यारानं खाच पाडायची. बुरीन म्हणजे तिरकं टोक घासलेली पोलादी सळी, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. हत्यार हात पुढे ढकलतो, पण वळणावर बहुतेक वेळा हत्यार स्थिर राहतं आणि दुसऱ्या हातानं पोलादच फिरवलं जातं. चित्र उलटं कोरायचं, आरशात दिसेल तसं, आणि तिकिटाच्या मापातच. मोठं काढून लहान करायची सोय इथे नाही. कोरून झालं की तो तुकडा, म्हणजे डाय, तापवून पाणी देऊन कडक करायचा. त्यावरून मऊ पोलादाचा रोलर प्रचंड दाबाखाली फिरवायचा, म्हणजे खाचेचा उंचवटा रोलरवर येतो. रोलर कडक करायचा आणि छपाईच्या प्लेटवर तो पुन्हा पुन्हा दाबायचा. जितकी तिकिटं एका तावात, तितक्या वेळा. एका डायची अशी लेकरं तयार होतात. मग शाई खाचांत भरायची, वरची पुसून टाकायची आणि कागद इतक्या जोरानं दाबायचा की तो खाचेत शिरून शाई उचलून आणतो.

“चूक झाली तर?” मी विचारलं.

“मागून ठोकून तेवढा भाग वर आणायचा, घासायचा आणि पुन्हा कोरायचा. पण ते बारीकसारीक चुकीला. नाकच हुकलं तर नवा तुकडा.” काका हे आनंदानं सांगत होते, जणू दुसऱ्याच्या शॉपमधला स्क्रॅप मोजत होते.

चेहराच का?

तिकीट आणि नोट यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. 1840 मध्ये इंग्लंडनं जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, पेनी ब्लॅक, काढलं तेव्हा छापण्याचं काम पर्किन्स, बेकन या कंपनीला दिलं. ही मंडळी बँकांच्या नोटा छापणारी. वर सांगितलेली रोलरची पद्धत त्यांच्याकडच्या जेकब पर्किन्स या अमेरिकन माणसानं नोटांसाठीच रुजवली होती. राणीचा चेहरा कोरला चार्ल्स हीथ आणि त्याचा मुलगा फ्रेडरिक यांनी.

राणीचा चेहरा घेण्यामागे राजनिष्ठा होतीच, पण एक कोरडा हिशेबही होता. फुलाची पाकळी थोडी वाकडी गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखीच्या चेहऱ्यात पापणी केसभर खाली आली तरी काहीतरी बिनसलंय हे अडाणी माणसालाही कळतं, काय बिनसलंय ते सांगता आलं नाही तरी. शिवाय प्रत्येक कोरणाऱ्याची रेष ही त्याच्या हस्ताक्षरासारखी असते आणि दुसऱ्याला ती तंतोतंत उचलता येत नाही. खोटं करणाऱ्यालाही नाही. म्हणून सरकारं दीडशे वर्षं या कलाकारांना पगार देत आली.

आपल्याकडेही सुरुवात कोरणाऱ्यापासूनच झाली. 1854 च्या अखिल भारतीय तिकिटांसाठी कलकत्त्यात सर्वेक्षण खात्यात कॅप्टन थुइलियरच्या देखरेखीखाली काम झालं, आणि तांब्यावर मूळ डाय कोरणारा होता मुनीरुद्दीन. ब्रिटिश नोंदींत त्याचं नाव वेडंवाकडं लिहिलेलं सापडतं. पण छपाई झाली दगडावरून, लिथोग्राफीनं, त्यामुळे त्याच्या हाताची धार कागदापर्यंत पूर्ण पोचली नाही. पुढे नाशिक रोडला 1920 च्या दशकात सरकारी छापखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर तिथली बहुतेक तिकिटं ग्रॅव्हूर आणि नंतर ऑफसेटवर निघाली. कोरीव कामाची परंपरा आपल्या तिकिटांवर फारशी रुजली नाही याची खंत मला हा लेख लिहिताना पहिल्यांदा वाटली. नाशिकमध्ये ती कला होती, पण ती नोटांसाठी राखलेली.

खोटे कागद करणारा मुलगा

स्लानियाचा जन्म 22 ऑक्टोबर 1921 चा, पोलंडमधल्या चेलाझ या खाणकाम करणाऱ्यांच्या गावचा. बालपण गेलं लुब्लिनजवळ. शाळेत असताना त्यानं हातानं नोटा काढल्याचे किस्से त्याचे चाहते रंगवून सांगतात. ते बाजूला ठेवू. जे नक्की आहे तेही पुरेसं चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन कब्जाखालच्या पोलंडमध्ये हा तरुण भूमिगत चळवळीसाठी बनावट कागदपत्रं तयार करत होता. पुढे ज्याची रेष खोट्याला अडवायला वापरली गेली, त्याचा हात तयार झाला तो खोट्यावर. त्या खोट्या कागदांवर लोकांचा जीव अवलंबून होता, त्यामुळे काम नीट व्हावं लागे. यापेक्षा कडक परीक्षा कुठल्या कलाशाळेत घेत असतील असं मला वाटत नाही.

युद्ध संपल्यावर तो क्रॅकोच्या ललित कला अकादमीत गेला. शेवटच्या वर्षाचं काम म्हणून त्यानं यान मातेयको याचं ‘ग्रुनवाल्डची लढाई’ कोरलं. मूळ चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद, घोडे, भाले, पडलेली माणसं, पोलिश अस्मितेचा सगळा गदारोळ. स्लानियानं ते तळहातावर मावेल इतक्या जागेत उतरवलं. पोलिश सरकारी छापखान्यानं त्याला उचललं. 24 मार्च 1951 ला त्याचं पहिलं तिकीट निघालं, पॅरिस कम्यूनच्या ऐंशीव्या वर्षानिमित्त. काकांच्या पहिल्या वहीचं पहिलं पान तेच आहे. खरं सांगायचं तर तिकीट बेताचंच आहे. हात तयार आहे, पण विषय सरकारी.

1956 मध्ये तो स्वीडनला गेला आणि तिथेच राहिला. सुरुवातीला मिळेल ते काम केलं, भांडीही घासली. मग स्वीडिश टपालखात्याच्या छापखान्यात जागा मिळाली आणि 1960 मध्ये कवी गुस्ताफ फ्रेडिंग याच्यावरचं पहिलं स्वीडिश तिकीट आलं. योग्य माणूस योग्य देशात पोचला होता. स्वीडननं 1920 पासूनच तिकिटं रोटरी यंत्रावर कोरीव पद्धतीनं छापायला घेतली होती. त्यांची तिकिटं गुंडाळीत येतात, म्हणून कित्येकांना दोनच बाजूंना दाते असतात आणि उरलेल्या दोन कडा सरळ कापलेल्या. लहानपणी मला अशी तिकिटं कुणीतरी कात्रीनं खराब केलेली वाटायची. 1972 मध्ये स्वीडनच्या राजघराण्यानं स्लानियाला दरबारी कोरणारा नेमलं. डेन्मार्क आणि मोनॅको यांनीही तोच मान दिला.

रिकाम्या वेळात हा माणूस काय करायचा? कोरायचा. मुष्टियुद्धाचं त्याला वेड होतं, म्हणून त्यानं हेवीवेट जगज्जेत्यांची एक अख्खी मालिका स्वतःच्या सरावासाठी आणि हौसेसाठी कोरली. सिनेमातल्या नट्याही कोरल्या. ही तिकिटं नाहीत, त्यांवर पत्र जात नाही, पण त्यांतली रेष सरकारी कामापेक्षा मोकळी आहे. घाम, सुजलेली भुवई, मानेचा स्नायू. राजाराण्यांच्या गालावर असं काही करता येत नाही.

हजार, पण कुठले?

स्लानियाची तिकिटं हजारांवर आहेत हे सगळे सांगतात. आता मोजायची कशी? काकांसमोर हा प्रश्न काढला आणि चहा थंड झाला.

ब्रिटनचंच घ्या. 1999 च्या मार्चमध्ये ब्रिटिश टपालखात्यानं राणी एलिझाबेथच्या मोठ्या किमतीच्या चार छोट्या तिकिटांचा संच काढला: दीड, दोन, तीन आणि पाच पौंड. आर्नॉल्ड मेचिननं घडवलेला तोच जगप्रसिद्ध मुखवटा, पण कोरलेला स्लानियानं आणि छापलेला नेदरलंड्समधल्या एन्स्खेडेकडे. चेहरा एक, किमती चार. हे एक काम की चार? डेन्मार्कची राणी मार्ग्रेथे, मोनॅकोचा प्रिन्स रेनिए यांचे चेहरे वर्षानुवर्षं किंमत आणि रंग बदलून येत राहिले. प्रत्येक नव्या किमतीला नवा आकडा द्यायचा का? काही तिकिटांत चित्र एकाचं आणि अक्षरं दुसऱ्याची. काहींत फक्त मधला चेहरा त्याचा. मुष्टियोद्धे धरायचे की नाही?

काका टूलरूमच्या हिशेबानं जातात: डाय मोजायचे. कॅटलॉगवाले क्रमांक मोजतात. व्यापाऱ्याला विकता येईल ते सगळं मोजायचं असतं. या तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि मला वाटतं संग्राहकांना ते जुळायलाही नको आहेत.

अधिकृत हिशेबानं हजारावं तिकीट 2000 साली स्वीडननं काढलं. त्यासाठी निवडलं सतराव्या शतकातल्या डाव्हिद क्लोकर एरेनस्ट्राल या चित्रकाराचं छतावरचं भव्य चित्र, स्वीडिश राजांच्या थोर कृत्यांचं. तिकिटाची किंमत पन्नास क्रोना आणि आकार असा की कोरीव तिकिटांमधलं सर्वांत मोठं म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. ढगांवर बसलेल्या देवता, उडणारी वस्त्रं, बाळदूत. अंगांची नुसती दाटी. काका याला त्याचं सर्वोत्तम काम मानत नाहीत. मीही नाही. तो मुक्काम साजरा करण्यासाठी केलेला सोहळा आहे आणि सोहळ्यात असतो तसा थोडा थकवाही त्यात आहे. माझं मत मागाल तर लहान आकाराच्या एकरंगी चेहऱ्यांमध्ये तो जास्त मोठा आहे.

एक बाई, दोन देश

1993 च्या मार्चमध्ये अमेरिका आणि मोनॅको यांनी मिळून ग्रेस केलीचं तिकीट काढलं. दोन्ही स्लानियानं कोरली. चेहरा तोच, मोत्यांसारखी नितळ त्वचा, केस मागे घेतलेले. पण नावं वेगळी. मोनॅकोसाठी ती राजकन्या ग्रेस. अमेरिकेसाठी नुसती ग्रेस केली, हॉलिवूडची नटी, कारण परदेशी राजघराण्यातली व्यक्ती म्हणून तिला तिकिटावर घेणं अमेरिकेला नियमात बसत नव्हतं. याआधी 1983 मध्ये अमेरिका आणि स्वीडन यांच्यातल्या तहाला दोनशे वर्षं झाली तेव्हा त्यानं बेंजामिन फ्रँकलिन दोन्ही देशांसाठी कोरला होता. त्याच वर्षी स्वीडनच्या संगीतावरच्या तिकीट-पुस्तिकेत आब्बा या पॉप गटाचे चारही गायक आले.

देशावर जमवणाऱ्याच्या वहीत ही जोडतिकिटं दोन घरांत वाटली जातात. काकांकडे ती शेजारी असतात, आणि मग तुम्हाला छापखान्यांचे स्वभाव दिसायला लागतात. कुठे शाई दाट बसली, कुठल्या कागदानं ती जास्त पिऊन टाकली, कुणाच्या यंत्रावर बारीक टिंबं बुजली. हात एकच असल्यामुळे बाकीच्यांचं काम उघडं पडतं. इंजिनिअर माणसाला यात परमानंद न झाला तरच नवल.

या छंदाला पैसे किती लागतात? वाटतात त्याहून कमी. स्लानियाची बरीच तिकिटं रोजच्या वापराची, लाखोंनी छापलेली. वापरलेली स्वीडिश तिकिटं कागदाच्या तुकड्यांसकट वजनावर विकत मिळतात. कोमट पाण्यात टाकून सोडवायची, टिपकागदावर उलटी वाळवायची. महाग असतात ती त्याची सही असलेली पाकिटं, आणि छपाईआधी डायवरून काढलेले काळे ठसे. काकांना कोरं तिकीट फारसं आवडत नाही. आपल्या पावसाळ्यात मागचा डिंक पानाला धरतो आणि तांबूस डाग पडतात. जूनपासून वह्या उभ्या ठेवायच्या, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या. वापरलेल्याला डिंकच नसतो. फक्त शिक्का चेहऱ्यावर नको, कोपऱ्यात हवा. अशा तिकिटासाठी काका वर्षभर थांबतात.

नोटेवर सही कुणाची

तिकिटांच्या खालच्या काठावर, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत, स्वीडनमध्ये कोरणाऱ्याचं नाव येतं. फ्रान्स आणि मोनॅकोतही चित्रकार एका बाजूला, कोरणारा दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे तिकिटाबरोबरच्या माहितीपत्रकात चित्रकाराचा उल्लेख असतो. नोटेवर मात्र सहसा काहीच नाही. स्लानियानं अनेक देशांच्या नोटांसाठीही चेहरे कोरले, पण ती नोट हातात घेऊन तुम्ही कितीही शोधा, तो तिथे सापडणार नाही.

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात मी हे डोळ्यांत भरून घ्यायला गेले. बँक ऑफ बेंगॉलच्या जुन्या नोटांवर बंदरापाशी बसलेली ‘कॉमर्स’ नावाची बाई आहे. पुढे राजांचे चेहरे, मग अशोकस्तंभ, मग गांधीजी. काचेमागे सगळं शिस्तीत. कोरणारा कोण, हे कुठल्याच नोटेवर नाही. ते मुद्दामच आहे. नोटेचं काम जुन्या काळापासून वाटून दिलेलं असतं: चेहरा एकाकडे, अक्षरं दुसऱ्याकडे, आणि ती गुंतागुंतीची जाळीदार वेलबुट्टी यंत्राकडे. संपूर्ण नोट एकाच माणसाला करता येऊ नये. आणि ज्याला चेहरा येतो त्याचं नाव गावभर नको.

त्यामुळे नोटांचा संग्राहक वेगळ्या वाटेनं जातो. गव्हर्नरच्या सहीवर जमवणारे आपल्याकडे भरपूर. 786 आकड्यावर जमवणारे त्याहून जास्त. नंबराआधी तारा असलेल्या नोटांचे शौकीन आहेत. सगळे जे छापलेलं आहे ते वाचतात. कोरणाऱ्याच्या मागे लागलेल्याला मात्र रेष वाचावी लागते, नाहीतर छापखान्यांच्या नोंदी उकरणाऱ्यांवर विसंबावं लागतं. जीन हेस्लर या अमेरिकन अभ्यासकानं 1993 मध्ये ‘द एन्ग्रेव्हर्स लाइन’ हा कोश काढला, नोटा आणि तिकिटं कोरणाऱ्यांचा. अशा पुस्तकांमुळेच कळतं की 1896 च्या अमेरिकन एक डॉलरवरची, मुलाला इतिहास शिकवणारी देवी चार्ल्स श्लेख्टनं कोरली. किंवा 1918 च्या चोवीस सेंटच्या ज्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं आणि ज्याच्या शंभर प्रतींवर लिलाववाल्यांच्या पिढ्या जगल्या, ते विमान मार्कस बाल्डविन नावाच्या माणसानं अतिशय सुलटं कोरलं होतं. बाल्डविन नोटांच्या धंद्यातला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, उलट्या विमानाची चूक सगळ्यांना.

घरी येऊन मी खिशातली पाचशेची नोट काढली आणि काकूंची फॉइलची युक्ती केली. गांधीजींचा चेहरा उठला. कडेच्या पाच तिरक्या रेघा, दृष्टिहीनांना बोटांनी मूल्य कळावं म्हणून दिलेल्या, त्याहून स्पष्ट उठल्या. हे एवढं जमलं की मी दोन दिवस घरातल्या सगळ्या नोटा तपासत होते.

पुढचं पान

स्लानिया 17 मार्च 2005 ला क्रॅकोत वारला. त्याच वर्षी निघालेलं संयुक्त राष्ट्रांच्या साठाव्या वर्षाचं तिकीट हे त्याचं शेवटचं मानतात. टपाल कमी झालं, तिकिटाच्या जागी छापील चिकटपट्ट्या आल्या, ऑफसेट स्वस्त आणि रंगीत. नव्या मुलानं दहा वर्षं बुरीन धरून बसावं असं सांगणं अवघड झालं. तरी माणसं आहेत. मार्टिन मोर्क आहे. पोलंडहून स्वीडनला आलेला प्योत्र नाशार्कोव्हस्की आहे. 2005 च्या सप्टेंबरमध्ये स्वीडन आणि अमेरिकेनं मिळून ग्रेटा गार्बोचं तिकीट काढलं ते त्यानं कोरलं. पुन्हा दोन देश, पुन्हा सिनेमातली बाई, पुन्हा पोलंडचा हात.

काकांकडे गार्बो आहे, पण वहीत नाही. त्यांच्या मते हनुवटीखालची सावली वेगळ्या माणसाची आहे, आणि ही वही एका माणसाची. मी म्हटलं, दुसरी वही करा की. त्यावर काकू आतून म्हणाल्या, कपाटात जागा करा आधी. काकांनी उत्तर दिलं नाही. मी मुंबईला जाणार हे कळल्यावर त्यांनी एक चिठोरी पुढे केली: डेन्मार्कचे तीन क्रमांक, ग्रीनलंडचा एक, सगळे वापरलेले चालतील, शिक्का कोपऱ्यात. भाव काय द्यायचा तेही त्यापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं.